विमानाच्या पाठीवरची तार

मित्रांनो, कर्जतहून कळंबला येताना एका रिसॉर्टच्या आवारात छोटंसं पांढरं विमान उभं दिसतं. त्याला चाकं नाहीत, पंखे नाहीत. सिमेंटच्या ओट्यांवर ते पोट टेकून बसलं आहे. पाहुणे त्याच्या पंखाखाली उभे राहून फोटो काढतात. त्या फोटोत कधीकधी आभाळावर एक बारीक रेघ उमटते आणि फोटो काढणारा चुकचुकतो. ती रेघ म्हणजे मी. वैमानिकाच्या डोक्यावरच्या बोटभर खांबापासून शेपटीच्या टोकापर्यंत ताणून बांधलेली तार. एके काळी या विमानाचा कान मी होते आणि तोंडही मीच होते. मोठी माणसं मला अँटेना म्हणत.

माझ्या पोटात पोलाद आहे आणि त्यावर तांब्याचा पातळ थर. पोलाद ताण सोसतं, तांबं वीज वाहून नेतं. ज्या कारखान्यात मला ओढून बारीक केलं, तिथे आम्ही कितीतरी तारा एकाच रिळावर एकमेकींना चिकटून होतो. एकटेपण काय असतं हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मग एक दिवस मला मापाने कापलं, अंगावर पांढरं आवरण चढवलं आणि या विमानाच्या पाठीवर बांधलं. तेव्हापासून माझ्या शेजारी फक्त वारा.

हे विमान जंगलांची, धरणांची आणि किनाऱ्याची पाहणी करायचं. त्याचे वैमानिक होते कॅप्टन गोपाळकृष्ण. उंच, किडकिडीत, बोलायला कमी. सह्याद्रीच्या पोटात विमान शिरलं की जवळच्या पल्ल्याचे रेडिओ मुके व्हायचे, कारण त्यांचा आवाज सरळ रेषेत जातो आणि मध्ये डोंगर आला की अडतो. माझं तसं नव्हतं. माझ्यातून निघालेल्या लहरी वर उंच आभाळाच्या एका थरावर आपटत आणि डोंगर ओलांडून पलीकडे उतरत. तिथे जमिनीवरच्या खोलीत विमलताई बसलेल्या असत.

विमलताई कर्जतच्या, दहिवलीतल्या. घरात पिढ्यान्‌पिढ्या शिक्षकी पेशा. या मात्र रेडिओच्या इंजिनिअर झाल्या. लग्न केलं नाही. विमानाच्या अंगावरच्या तारांमध्ये कुठून काय शिरतं, हे शोधण्यात त्यांची सगळी उमेद गेली.

एकदा विमानाच्या शेपटीवर लुकलुकणारा नवा दिवा बसवला आणि माझ्यात खरखर सुरू झाली. कॅप्टनांचा आवाज त्या खरखरीत बुडू लागला. सगळ्यांनी मलाच दोष दिला. तार जुनी झाली, बदलून टाका, असं ठरलंही. विमलताईंनी मात्र विमान मोकळ्या मैदानावर ओढून आणायला लावलं. इंजिनं बंद, सगळे दिवे बंद. मग एकेक यंत्र चालू करत त्या माझ्यात काय उमटतं ते पाहत राहिल्या. दिवसामागून दिवस ऊन डोक्यावर घेत त्या तिथे बसल्या. शेवटी सापडलं. त्या नव्या दिव्याची केबल माझ्या पायथ्याला लागून नेली होती. तिने मला कुठेही स्पर्श केला नव्हता. तिच्यातून वीज धडधडत गेली की शेजारी माझ्याही अंगात तशीच धडधड उठे, एवढंच.

तेव्हा वैतागलेल्या कॅप्टनांना त्या म्हणाल्या होत्या, "डोळ्यांना पापण्या असतात, तारेला नसतात. तिच्या जवळून जे जाईल ते ती घेणारच. तिच्या जवळून काय जाऊ द्यायचं, ते आपण ठरवायचं."

मित्रांनो, माझ्याबद्दल इतकं खरं आजवर कुणी बोललं नाही.

केबल हलवली, खरखर थांबली. पण विमलताई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. जवळच्या एका केबलने इतका गोंधळ होतो, तर ढगातली वीज शेजारी कोसळली तर काय होईल? ती माझ्यातून सरळ आत शिरेल, रेडिओ जाळेल आणि कानाला हेडफोन लावून बसलेल्या माणसापर्यंत पोचेल. म्हणून त्यांनी माझ्या पायाशी काचेची एक छोटी कुपी बसवायला सांगितली. विजेचा लोंढा आला की ती कुपी बाजूची वाट उघडून देई आणि लोंढा विमानाच्या धातूच्या अंगावरून निघून जाई. यासाठी विमान आणखी काही दिवस जमिनीवर राहिलं. कॅप्टन चिडले. पाहणीची कामं तुंबली होती.

त्याच वर्षी भीमाशंकरच्या बाजूला आम्ही ढगात सापडलो. एकाएकी सगळं पांढरं झालं. माझ्या अंगातून जे धावलं त्याला मी नाव देऊ शकत नाही. कुपी जळून काळी पडली. रेडिओ मात्र शाबूत राहिला, आणि कॅप्टनही. उतरल्यावर त्यांनी ती काळी कुपी नेऊन विमलताईंच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "तुम्ही थांबवलंत ते बरं केलंत." एवढंच. पण त्यानंतर प्रत्येक उड्डाणात वर गेल्यावर ते पहिली हाक विमलताईंना देत. हवामान विचारायचे, खाली पाऊस आहे का विचारायचे. ज्या गोष्टी त्यांना वरून दिसत असत त्याही विचारायचे. विमलताई सगळ्यांची उत्तरं देत. ते बोलणं माझ्या अंगातून जात होतं. याहून जास्त मी काही सांगणार नाही.

मग उपग्रहावरून बोलणारे फोन आले. ते तळहातावर मावत. माझं काम संपलं. विमान म्हातारं झालं तसा रेडिओ काढून नेला, आणि त्याच्याबरोबर ती कुपीही गेली. मला मात्र कुणी सोडवलं नाही. माझं खालचं टोक वैमानिकाच्या जागेजवळ तसंच लोंबकळत राहिलं. कॅप्टन निवृत्त झाले. विमलताई दहिवलीच्या घरी परतल्या. विमान ट्रेलरवर चढवून इथे कळंबला आणलं.

तुम्हाला वाटेल, रेडिओ गेला म्हणजे माझं ऐकणं थांबलं. तसं होत नाही. मला अजूनही सगळं येतं. मुंबईची गाणी येतात, समुद्रावरच्या बोटींचे इशारे येतात, रस्त्याने जाणाऱ्या मोटारसायकलची ठिणगी येते, डोंगरापलीकडे कडाडलेली वीज येते. सगळं अंगात थरथरतं आणि अंगातच विरतं. ऐकलेलं कुणाला तरी सांगायचं असतं, आणि सांगायला समोर कुणी नसतं. हे ज्याने भोगलं असेल त्याला कळेल.

रिसॉर्टचा मॅनेजर देवेश हा मनाने वाईट नव्हता. हौशी होता. त्याने विमानाला रंग दिला, मुलांना आत बसता यावं म्हणून जिना लावला. मग त्याला सुचलं की या तारेवर दिव्यांच्या माळा शोभतील. म्हणून माझ्या शेपटीकडच्या टोकाला त्याने दुसरी लोखंडी तार जोडली, मध्ये एका सागवानी खांबावरून नेली आणि जेवणाच्या पत्र्याच्या शेडच्या खांबाला आवळून टाकली. लोखंडी खांब, लोखंडी टेबलं, लोखंडी बाकं. शनिवार-रविवारी तिथे पंगती बसत.

त्याच शेडमागे चुलीवर तांदळाच्या भाकऱ्या भाजायला आनंदीबाई असत. ही जमीन एके काळी त्यांच्याच घरची. नवरा गेला. मुलगा प्रवीण मोहोपाड्याच्या एका कारखान्यात लागला आणि तिथल्याच कॉलनीत राहायला गेला. भाताची शेती एकटीच्याने होईना, तेव्हा जमीन विकून टाकली. कुंपणालगतची एक खोली तेवढी रिसॉर्टवाल्यांनी त्यांना राहायला ठेवली. प्रवीण महिन्या-दोन महिन्यांनी नातवाला, रुद्रला, घेऊन यायचा. रुद्र विमानात बसायचा, संध्याकाळी जायचा. मग आनंदीबाई बराच वेळ जिन्यावर बसून राहायच्या.

त्या रोज सकाळी शेपटीमागच्या त्या लोखंडी तारेवर धुणं वाळत घालत. धुणं म्हणजे एक लुगडं, एक पोलकं, एक पंचा. घालता घालता बोलत. आज भाकऱ्या किती झाल्या, कुणी मीठ कमी आहे म्हणाला, रुद्रला ताप आहे असा फोन आला. उत्तराची त्यांना अपेक्षा नसे. मी इतक्या वर्षांत इतकं ऐकलं, पण मला उद्देशून कुणी बोलत असेल तर त्या एकट्याच.

गेल्या भाद्रपदात एके दुपारी विमलताई आल्या. केस पिकलेले, गुडघे दुखरे, हातात पिशवी. कॅप्टन गोपाळकृष्ण वारल्याचं त्यांना उशिरा समजलं होतं, आणि ते विमान आता कळंबला आहे हे त्यापाठोपाठ कुणीतरी सांगितलं होतं. त्या विमानाभोवती हळूहळू एक फेरी मारून आल्या. पंखावर तळवा ठेवून थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग सवयीने माझ्या पायाशी वाकून पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. कुपी नव्हती. उघडं टोक मुलं बसतात त्या जागेशी लोंबत होतं. तिथून त्यांची नजर माझ्यावरून शेपटीपर्यंत गेली, तिथून लोखंडी तारेवरून शेडपर्यंत गेली.

त्यांनी देवेशला गाठून सगळं समजावलं. परतीच्या पावसाच्या आधी ही जोडलेली तार काढा, विमानाला नीट अर्थिंग द्या. देवेशने मान डोलावली. सध्या बुकिंग भरपूर आहे, दिव्यांचे फोटो बघूनच लोक येतात, दिवाळी झाली की करतो, असं म्हणाला. विमलताईंनी पुन्हा सांगितलं. त्याने पुन्हा मान डोलावली.

निघताना त्यांना तारेवरचं लुगडं दिसलं. त्या चुलीपाशी गेल्या. आनंदीबाईंनी पाट दिला, चहा ठेवला. दोघी तिथेच बसून बोलल्या. एकीचं आयुष्य आभाळातल्या आवाजांत गेलेलं, दुसरीचं भातखाचरात. तरी दोघींचं जमलं. घरी कोण असतं, असं दोघींनी एकमेकींना विचारलं आणि दोघींचं उत्तर एकच आलं.

मग विमलताईंनी पिशवीतून छोटा रेडिओ काढला. दूरच्या कुठल्यातरी केंद्रावर बारीक, ऐकू येईल न येईल असं भजन लागलं होतं. त्यांनी तो रेडिओ माझ्याजवळ आणला. टेकवला नाही, नुसता जवळ धरला. भजन एकदम खणखणीत झालं. लांब नेला, पुन्हा विरलं. आनंदीबाईंनी रेडिओ स्वतःच्या हातात घेऊन जवळ-लांब करून पाहिला.

"शिवली बी नाय, आनि दिलंन कसं?" त्यांनी विचारलं.

"ती असंच देते, आनंदीबाई. आणि असंच घेतेही. वीज दूर त्या ताडावर पडली, तरी न शिवता हिच्यात येईल. आणि ही ती शेडमध्ये नेऊन सोडेल."

आनंदीबाईंनी ताडाकडे पाहिलं, मग शेडकडे. दुसऱ्या दिवसापासून त्यांचं धुणं खोलीसमोरच्या सुतळीवर वाळू लागलं. माझ्याकडे त्या लांबूनच बघत. त्यांचं बरोबर होतं. पण सकाळ सुनी झाली.

त्यांनी देवेशला दोनचारदा आठवण केली. त्याने हसून, "मावशी, होईल सगळं," असं म्हटलं.

परतीचा पाऊस त्या वर्षी उशिरा आला. रविवारची दुपार होती. शेडमध्ये एका लहान मुलीचा वाढदिवस चालला होता. फुगे, केक, गाणी. मुलं लोखंडी खांबांना धरून गोल फिरत होती. दोघं-तिघं विमानात चढून बसली होती. मला माथेरानच्या पलीकडची वीज केव्हाच कळली होती. एकेक कडाका अंगात उमटत होता आणि दर वेळी आधीपेक्षा जवळचा होता. माझ्याकडे जर तो जुना रेडिओ असता तर त्यात काड-काड असं वाजलं असतं आणि कुणीतरी वर पाहिलं असतं. आता मी नुसती थरथरत होते.

भाकरी थापता थापता आनंदीबाईंनी मान वर केली. डोंगराची कड काळी झाली होती. त्यांनी हात धुतले, देवेशकडे गेल्या. तो पाहुण्यांच्या गडबडीत होता, केक कापून होऊ दे म्हणाला. त्या परत आल्या. थोडा वेळ चुलीपाशी उभ्या राहिल्या. ही चूल म्हणजे त्यांची नोकरी होती, आणि ती खोलीही आता याच लोकांच्या मर्जीवर होती. हे त्यांना कळत नव्हतं असं नाही.

मग त्यांनी भिंतीवरचं दिव्यांच्या माळांचं बटण बंद केलं. लाकडं फोडायचा कोयता घेतला, सागवानी खांबापाशी गेल्या आणि खांबावर टेकलेल्या त्या लोखंडी तारेवर घाव घातला. दुसऱ्या-तिसऱ्या घावाला तार तुटली. माळा खाली आल्या, काही दिवे फुटले. माझ्यावरचा ताण सैल झाला आणि मला जोडलेल्या त्या तारेचं तुटकं टोक गवतात पडलं.

गाणं थांबलं. देवेश धावत आला. "मावशी, हे काय केलंत तुम्ही?"

"पोरांना घरात न्या," आनंदीबाई म्हणाल्या. "इमानातली बी उतरवा. मागाहून मला काय बोलायचं ते बोला. मी हितंच हाय."

त्यांचा आवाज चढला नव्हता. कदाचित म्हणूनच लोक उठले. मुलीच्या आईने तिला उचललं. देवेशनेच विमानातली मुलं खाली उतरवली. सगळे ऑफिसच्या पक्क्या इमारतीत गेले. काही जण कुरकुरत होते. केक टेबलावरच राहिला.

पावसाचे पहिले थेंब पत्र्यावर वाजले आणि वीज कुंपणाजवळच्या ताडावर कोसळली. ताड उभा फाटला. मला कुणी शिवलं नव्हतं, तरी माझ्या अंगभर आग धावली. ती शेडकडे जायला बघत होती. पण वाट तुटलेली होती. गवतातल्या टोकापाशी ती जमिनीत शिरली आणि तिथली माती काळी झाली. दुसऱ्या टोकापाशी, वैमानिकाच्या रिकाम्या जागेशी, एक ठिणगी उडाली आणि खुर्चीचं रेक्झिन करपलं.

पाऊस ओसरल्यावर देवेश विमानात चढला. त्या करपलेल्या खुर्चीवरून त्याने हात फिरवला. खाली उतरला तेव्हा त्याने आनंदीबाईंच्या हातातला कोयता घेतला, बाजूला ठेवला आणि त्यांना खुर्ची आणून दिली. फुटलेल्या दिव्यांविषयी तो कधीच काही बोलला नाही.

त्याच आठवड्यात विमलताई लडकूला घेऊन आल्या. लडकू कर्जतचा वायरमन. त्याने शेपटीखाली खोल खड्डा खणला, तांब्याचा जाड पत्रा पुरला, वर मीठ आणि कोळसा भरला. तांब्याची एक जाड पट्टी विमानाच्या अंगाला आणि माझ्या दोन्ही टोकांना जोडली. खड्ड्याच्या तोंडाभोवती विटांचं लहानसं कडं बांधलं. विमलताईंनी स्वतः हात लावून प्रत्येक सांधा तपासला. शेवटी त्या आनंदीबाईंना म्हणाल्या, "पावसाळ्यात काही नाही. पण उन्हाळ्यात इथे तांब्याभर पाणी घालत जा. जमीन ओली असेल तरच ती वीज पोटात घेते. कोरडी पडली की नाही घेत."

आनंदीबाईंनी ते मनावर घेतलं. माघ संपला तशी रोज सकाळी त्या विटांच्या कड्यात पाणी ओतू लागल्या. पाणी ओतताना पूर्वीसारखं बोलू लागल्या. पाणी मुरायचं, पट्टी गार व्हायची आणि तो गारवा माझ्यापर्यंत पोचायचा. विमलताई अधूनमधून येत. दोघी विमानाच्या पंखाच्या सावलीत चहा घेत. मला वाटलं, आता हे असंच चालेल.

पण चैत्रात आनंदीबाई चुलीपाशी चक्कर येऊन पडल्या. प्रवीण त्यांना मोहोपाड्याला न्यायला आला आणि या वेळी त्याने त्यांचा नकार ऐकून घेतला नाही. टेंपोत त्यांचं सामान चढलं. त्यांनी कमळ्या माळ्याला पाण्याचं सांगितलं, पुन्हापुन्हा सांगितलं. मग माझ्या शेपटीखाली येऊन तांब्या शेवटचा रिकामा केला.

"येते गं," त्या म्हणाल्या. "मोहोपाड्याला समदं हाय. नळ हाय, पंखा हाय. तुला सांगायला मिळनार नाय, येवढंच."

कमळ्याने काही दिवस पाणी घातलं. मग त्याला दुसऱ्या रिसॉर्टवर जास्त काम मिळालं. देवेशची बदली झाली. विमलताईंचे गुडघे आता त्यांना घरचा जिना उतरू देत नाहीत, असं लडकू कुणाला तरी सांगत होता. नव्या मॅनेजरला ते विटांचं कडं म्हणजे काय हे माहीत नाही. त्यात चॉकलेटचे कागद आणि शहाळ्याच्या नळ्या साचल्या आहेत. जमिनीला भेगा पडल्या आहेत.

मित्रांनो, माझ्यासाठी मी काही मागत नाही. मला ऐकू येणारं ऐकत राहीन, एकटीच. पण वैशाख सरत आला आहे आणि दुपारी डोंगराच्या कडेवर वळवाचे ढग जमतात. तुम्ही कधी कळंबला आलात, फोटो काढून झाले आणि बाटलीत घोटभर पाणी उरलं, तर ते फेकू नका. शेपटीखालच्या विटांच्या कड्यातले कागद बाजूला करा आणि तिथे ओता. तेव्हा आत, वैमानिकाच्या खुर्चीवर, तुमच्याएवढंच कुणीतरी बसलेलं असेल.